हिरव्या पाण्यातली उपाशी पिल्लं

भरल्या ताटावर बसलेलं कुणी उपाशी मरेल का? मरू शकतं, हे मला अकराव्या वर्षी कळलं. ती माणसं नव्हती, तिसऱ्यांची, म्हणजे खाडीच्या वाळूत राहणाऱ्या शिंपल्यांची, पिल्लं होती. आणि त्यांचं ताट माझ्याच हातून बिघडलं होतं.

ही गोष्ट २०६३ सालच्या मे महिन्यातली. आमचं शेवरे गाव सिंधुदुर्गात एका खाडीच्या तोंडाशी आहे. सुट्टी लागली की बाबा मला सौरहोडीत बसवून तिथे आजोबांकडे पाठवून देत. आजोबांचं नाव डॉ. विश्राम कुबल. आयुष्यभर त्यांनी समुद्रातल्या जिवांचा अभ्यास केला आणि निवृत्त झाल्यावर गावात परतून बर्फाच्या जुन्या, बंद कारखान्यात एक बीजोत्पादन केंद्र (शिंपल्यांची पिल्लं जन्माला घालून वाढवण्याची जागा) सुरू केलं. ओलं सिमेंट, मीठ आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर शिजणारी पेज, असा तिथला वास. इतक्या वर्षांनी आजही कुठे पेजेला कढ आला की मला ते टाक्यांच्या मधले अरुंद रस्ते दिसू लागतात.

केंद्रात आजोबांच्या मदतीला एक रोबो होता. एकाच पायावर उभा राहून लांब मान टाकीत बुडवायचा, म्हणून आम्ही त्याला बगळा म्हणायचो. पाणी बदलणं, तापमान पाहणं, पिल्लांना वेळेवर खाणं देणं ही त्याची कामं. बोलायचा अगदी मोजकं, आणि बोलण्यात आकडे फार.

त्या वर्षीचं काम मात्र नेहमीचं नव्हतं. आजोबा लहान असताना शेवऱ्याच्या खाडीत तिसऱ्यांची खाण होती म्हणत. ओहोटीला पाणी हटलं की गावातल्या बायका वाळूच्या रेवेवर उतरायच्या, वाकून वाकून तिसऱ्या काढायच्या आणि दुपारी घराघरांत खोबरं घातलेलं तिसऱ्यांचं सुकं व्हायचं. टोपलीत तिसऱ्या ओतताना सुपाऱ्या ओतल्यासारखा आवाज येई, आणि तो ऐकला की शाळेतून पळत घरी यावंसं वाटे, असं आजोबा सांगत. पुढे लागोपाठ तीन वर्षं अतोनात पाऊस झाला. डोंगरातून आलेल्या पुराने खाडीचं पाणी महिनोन् महिने गोडं राहिलं, रेवेवर गाळ बसला आणि तिसऱ्या संपल्या. त्यानंतर बारा वर्षं कुणाला एकही दिसली नव्हती.

आजोबांनी आणि सुभद्राकाकींनी हार मानली नाही. सुभद्राकाकी म्हणजे आजोबांच्या बालपणापासूनच्या शेजारीण. सगळं गाव त्यांना काकीच म्हणे, म्हणून मीही म्हणायची. सगळं आयुष्य त्यांनी त्याच रेवेवर तिसऱ्या काढण्यात घालवलेलं. आदल्या हिवाळ्यात या दोघांनी खाडीचा इंच न् इंच चाचपला आणि एका खडकाआडच्या वाळूत त्यांना सत्तावीस तिसऱ्या सापडल्या. शेवऱ्याच्या खाडीतल्या अगदी शेवटच्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात आजोबांनी त्या सत्तावीस जणींना किंचित कोमट पाण्यात ठेवलं. तिसऱ्यांना तो इशारा पुरतो. त्यांनी पाण्यात अंडी सोडली आणि दोन दिवसांत टाकीत तीस लाख पिल्लं पोहू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एकेक पिल्लू इवल्याशा करंजीसारखं दिसायचं. करंजीच्या तोंडातून बारीक केसांची झालर बाहेर आलेली. तीच हलवून ते पोहायचं आणि तिच्यानेच खाणं तोंडाकडे ओढायचं. अशी साठ पिल्लं ओळीने ठेवली तर ती तांदळाच्या एका दाण्याएवढी होतील.

इतकी लहान पिल्लं खातात काय? खातात सूक्ष्मशैवाल (पाण्यात तरंगणाऱ्या, एकेकट्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती). आजोबांकडे त्यांचे दोन प्रकार होते. एक हिरवं, क्लोरेला नावाचं. ते शेजारच्या कोळंबीच्या तळ्यातलं पाणी हिरवं राखायला जायचं. दुसरं आयसोक्रायसिस जातीचं, फिकट चहाच्या रंगाचं. त्याला आजोबांनी सोनसळी असं नाव ठेवलं होतं. पिल्लांचं जेवण म्हणजे सोनसळी. ती काही विकत आणलेली नव्हती. तीस वर्षांपूर्वी, खाडीत तिसऱ्या असतानाच, आजोबांनी याच खाडीच्या पाण्यातून ती वेगळी केली होती. तेव्हापासून दर पंधरवड्याला जुन्या बाटलीतले काही थेंब नव्या, उकळून गार केलेल्या पाण्यात टाकून त्यांनी ती जिवंत ठेवली होती. माझ्या बाबांच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मुंडावळ्या बांधून झाल्यावर आजोबा सापडेनात. ते बाटल्या बदलत बसले होते.

आता पेच सांगते. नऊ दिवस झाले तरी पिल्लं वाढेनात. रोज थोडी थोडी मरून तळाला बसू लागली. तीस लाखांची बावीस लाख झाली.

आजोबांनी मला शेजारी बसवलं आणि एकेक शंका तपासायला घेतली. पहिली शंका, खाणं कमी पडतंय का? बगळ्याला विचारलं. तो म्हणाला, एका मिलिलिटर पाण्यात साठ हजार पेशी आहेत, ठरवल्यापेक्षा जास्तच. दुसरी शंका, घास मोठा होतोय का? पिल्लाचं तोंड दहा मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि शैवालाची पेशी चार मायक्रॉनची. घास तोंडात मावतो. तिसरी शंका, पिल्लं खातात तरी का? मीच सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. कवच काचेसारखं पारदर्शक असतं, आतलं पोट दिसतं. सगळ्यांची पोटं गच्च भरलेली होती, हिरवीगार.

खाणं आहे, घास मावतो, पोटं भरलेली आहेत, आणि तरी पिल्लं उपाशी असल्यासारखी सुकत होती. आजोबांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांना इतकं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी सुभद्राकाकी आल्या. महिनाभर त्या वेंगुर्ल्याला लेकीकडे होत्या. पिल्लं पाहायच्या उत्सुकतेने त्या पिशवीही खाली न ठेवता टाकीशी गेल्या, वाकून पाहिलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"विश्राम, ह्या पाणी असा पोपटासारखा कित्याक झाला?" त्यांनी विचारलं. "हिरव्या पाण्यात तिसरे कधी भरले नाय. चायसारखा पाणी इला काय, आई माझी म्हणायची, आता बघ, तिसरे भरतले." भरणं म्हणजे कवचात मांस धरणं.

आजोबा उठले. त्यांनी सोनसळीची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. ती चहाच्या रंगाची राहिलीच नव्हती. आम्ही रोज पाहत होतो, आणि रोज पाहणाऱ्याला रंग सावकाश बदललेला कळत नाही. महिन्याने आलेल्या माणसाला तो दारातून दिसला. बगळ्यालाही कळला नव्हता, कारण त्याला पेशी किती आहेत एवढंच मोजायला सांगितलेलं होतं.

मग आजोबांनी पिल्लांनी टाकलेली विष्ठा काचेवर घेतली आणि मला पाहायला लावलं. तिच्यात हिरवे गोल गोल मणी होते, अख्खे, न फुटलेले.

"नारळ न फोडताच गिळला तर काय होईल?" आजोबांनी विचारलं.

मी म्हटलं, पोट भरेल, पण खोबरं मिळणार नाही.

तसंच झालं होतं. क्लोरेलाच्या पेशीला जाड पेशीभित्तिका (पेशीभोवतीची भिंत) असते. तिसरीच्या पिल्लाला दात नसतात, आणि त्याच्या कोवळ्या पोटाला ती भिंत फोडता येत नाही. पेशी जशी आत जाते तशीच बाहेर पडते. सोनसळीला असली भिंतच नाही. ती पोटात सहज विरघळते, आणि तिच्यात असलेल्या खास तेलावर पिल्लाचं शरीर घडतं. म्हणजे हिरव्या पाण्यातली पिल्लं दिवसभर नारळ गिळत होती आणि खोबऱ्यावाचून मरत होती.

पण सोनसळीत क्लोरेला शिरलं कसं, ते आजोबांना कळेना. झाकणं घट्ट होती, पाणी उकळलेलं होतं. ते स्वतःशीच एकेक शक्यता बोलून खोडत होते. मला माहीत होतं.

आल्या आल्या, एप्रिलच्या शेवटी, मी एकटीच बाटल्यांच्या खोलीत गेले होते. हिरवी बाटली दाट, भरलेली दिसत होती आणि सोनसळीची अगदी पातळ. जन्माला येणाऱ्या पिल्लांना एवढंसं खाणं कसं पुरेल, असं वाटून मी हिरव्या बाटलीतलं एक चमचाभर पाणी सोनसळीत ओतलं होतं.

मी ते सांगितलं. आजोबा कपाटाकडे गेले. तिथे सोनसळीच्या जपून ठेवलेल्या चार नळ्या असत. चारही हिरवट होत्या. मधल्या काळात पंधरवडा उलटला होता आणि बगळ्याने नेमाप्रमाणे जुन्या नळ्या फेकून मोठ्या बाटलीतून नव्या भरल्या होत्या. त्यात उन्हाळा, उष्म्यात क्लोरेला भराभर वाढतं आणि सोनसळी मलूल होते. तीस वर्षं सांभाळलेली सोनसळी एका चमच्याने बुडवली होती.

आजोबा बाहेर जाऊन धक्क्यावर बसले. जेवायलाही आले नाहीत. काकींनी मला पेज वाढली. संध्याकाळी भरती लागली तेव्हा ते परत आले आणि नोंदवही माझ्यापुढे ठेवली.

"तारीख घाल आणि काय केलंस ते लिही," ते म्हणाले. "मीही माझं लिहितो. मी डोळ्यांनी पाहायचं सोडून नुसत्या आकड्यांवर विसंबलो. चूक लपवली की ती पुन्हा होते, लिहिली की ती माहिती होते."

मी लिहिलं. माझ्या अक्षराखाली त्यांनी त्यांचं लिहिलं. मग म्हणाले, "पिल्लांना कमी पडेल म्हणून घातलंस ना? मग आता त्यांना उपाशी ठेवायचं नाही. उद्यापासून कामाला लाग."

दोन कामं होती. पहिलं, पिल्लांना तातडीने काहीतरी पचेल असं खायला देणं. खाडीच्या पाण्यात नाना तऱ्हेचं सूक्ष्मशैवाल असतंच. पण कुठलं पाणी घ्यायचं? ते काकींनी दाखवलं. भरतीच्या सुरुवातीला कांदळवनाच्या तोंडाशी पाण्याला तपकिरी झाक येते, तेच घ्यायचं. आम्ही ते डब्यांत भरून आणायचो आणि इतक्या बारीक जाळीतून गाळायचो की मोठे जीव वर अडकावेत आणि लहान पेशी तेवढ्या खाली उतराव्यात. दिवसातून दोन भरत्या येतात. माझ्या वाट्याला दिवसाउजेडीची भरती यायची, दुसरीचं पाणी बगळा आणायचा. डबे उचलून माझ्या तळहातांना घट्टे पडले. त्या पाण्यात अन्न विरळ असल्याने पिल्लं वाढत नव्हती, पण मरण्याचा वेग मंदावला. बगळा रोज सकाळी आकडा सांगायचा. अठरा लाख. सोळा लाख. पंधरा लाख ऐंशी हजार.

दुसरं काम अवघड होतं. क्लोरेलाच्या त्या गर्दीत सोनसळी थोडीफार शिल्लक होती. तिला बाहेर कसं काढायचं? आकार जवळजवळ सारखाच, म्हणजे गाळून वेगळं करता येणार नाही.

आजोबांनी उत्तर सांगितलं नाही. त्यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि दोघींत काय फरक दिसतो ते पाहत राहायला सांगितलं. मी बराच वेळ पाहिलं. हिरवे मणी जागच्या जागी होते. मधूनच एखादा सोनेरी ठिपका मात्र वळवळत त्यांच्यातून वाट काढत जाई.

मी म्हटलं, "आजोबा, सोनसळी पोहते. हिरवी पोहत नाही."

आजोबा पहिल्यांदाच हसले. सोनसळीच्या पेशीला दोन कशाभिका (चाबकासारखे हलणारे अतिसूक्ष्म केस) असतात. त्या हलवून ती पोहते, आणि वनस्पती असल्यामुळे उजेडाकडे जाते, कारण उजेडातच तिला स्वतःचं अन्न बनवता येतं. क्लोरेलाला कशाभिका नाहीत. ते सावकाश खाली बसतं.

पुढचं मला सुचलं. एका उंच नळीला आम्ही काळा कागद गुंडाळला, फक्त वरचं बोटभर काचेचं टोक उघडं ठेवलं आणि नळी खिडकीशी उभी केली. दोन तासांनी वरच्या टोकाला सायीसारखा सोनेरी पापुद्रा दिसला. त्यातला थेंब बारीक नळीने उचलून तपासला. शंभर सोनेरी पेशींमागे नऊ हिरव्या होत्या. तो थेंब स्वच्छ पाण्याच्या नव्या नळीत टाकून पुन्हा तेच केलं, तेव्हा शंभरांत दोन उरल्या. चार दिवसांत आम्ही हे सात वेळा केलं. सातव्या वेळी आजोबांनी दहा थेंब पाहिले, मग मी पाहिले, मग बगळ्याने. एकही हिरवी पेशी सापडली नाही. काकींनी सूक्ष्मदर्शकातून एक नजर टाकली आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेल्या; पण जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

एका थेंबाने टाकी कशी भरणार, असं मी विचारलं. आजोबांनी मला पाटीवर आकडे मांडायला लावले. सोनसळीच्या एका पेशीच्या दिवसाला दोन होतात. दोनाच्या चार, चाराच्या आठ. पंधराव्या दिवशी एकीच्या बत्तीस हजारांहून अधिक होतात. माझ्या चमच्यातलं क्लोरेला याच गणिताने वाढलं होतं. आता हेच गणित आमच्या बाजूने होतं. आम्हाला फक्त थांबायचं होतं, आणि तेच सगळ्यांत कठीण गेलं. पंधरा दिवसांत आणखी निम्मी पिल्लं गेली. पण एका सकाळी खिडकीतल्या बाटल्यांना फिकट चहाचा रंग चढला, आणि त्या दिवशी आम्ही पिल्लांना सोनसळीचं पहिलं जेवण दिलं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काचेसारख्या कवचांत सोनेरी पोटं दिसत होती. तिसऱ्या दिवशी बगळा म्हणाला, "सरासरी वाढ सहा मायक्रॉन." आजोबांनी त्याला आणखी दोन गोष्टी बघायला शिकवल्या होत्या, पाण्याचा रंग आणि पिल्लांच्या पोटातून काय बाहेर पडतं ते. तो म्हणाला, "विष्ठेत अख्खी पेशी आढळली नाही." बगळ्याच्या तोंडून इतकी आनंदाची बातमी मी त्यानंतर कधी ऐकली नाही.

दोन आठवड्यांनी पिल्लांना पाय फुटला. तिसरीला एकच पाय असतो, जिभेसारखा. त्याने चाचपत पिल्लं तळाशी बसतात, पोहणं कायमचं सोडतात आणि वाळूत घर करतात. या बदलात पुष्कळ मरतात; तीस लाखांतली अडतीस हजार वाचली. मला आकडा ऐकून वाईट वाटलं. आजोबांनी सांगितलं की खाडीत लाखांत एखादंच जगतं.

दिवाळीपर्यंत ती तांदळाच्या दाण्याएवढी झाली. सुट्टीत मी पुन्हा गेले होते. ओहोटीला आम्ही तिघं रेवेवर उतरलो. तीन वर्षांचा गाळ एव्हाना भरती-ओहोटीने धुऊन नेला होता, खाली वाळू लागत होती. मुठीमुठीने पिल्लं सोडली. दोन मिनिटांत सगळी वाळूत गडप झाली आणि पाहायला काही उरलंच नाही. मी विचारलं, आता यांना कोण भरवणार? आजोबा पाण्याकडे पाहत म्हणाले की आता आपलं काम संपलं, खाडी भरवील. काकी वाकल्या होत्या आणि वाळूवर नुसता तळवा ठेवून उभ्या होत्या.

पुढची दोन वर्षं गावाने रेवेवर पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं.

२०६५ च्या मेमध्ये आजोबा ऐंशी वर्षांचे झाले. त्यांना आता होडीत चढता येत नव्हतं, म्हणून मी एकटीच बारीक जाळं घेऊन खाडीत गेले, पाण्यातले सूक्ष्म जीव गोळा करून बाटली भरून आणली आणि सवयीने एक थेंब काचेवर ठेवला. नाना तऱ्हेचे जीव सरसर इकडेतिकडे पळत होते. त्यांच्यामधून एक इवलीशी करंजी झालर हलवत निघाली होती. तिचं पोट सोनेरी होतं.

मी बगळ्याला डीएनएची (प्रत्येक जिवाच्या पेशीत असलेल्या, त्याचं कूळ सांगणाऱ्या नोंदीची) तपासणी करायला सांगितलं. मूळ सत्तावीस जणींच्या नोंदी त्याच्याकडे होत्या. तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सत्तावीस तिसऱ्यांपैकी अकराव्या क्रमांकाची नात."

मी आजोबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून खूप वेळ पाहत राहिले.

"हिला कुणी भरवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हटलं.

ते बाजूला सरकले, मला जागा करून दिली आणि मोजायला बस म्हणाले. दुपारपर्यंत मी एकशे बारा मोजल्या, आणि बाटलीतलं पाणी अजून निम्मंही संपलं नव्हतं.